सांघिक छायाचित्राची कालनिश्चिती व अस्सलपणा : पालवणकर बंधू आणि मराठवाड्यातील साधनांच्या संदर्भात एक चिकित्सा

लेखी कागदाला जी कसोटी इतिहासाचा अभ्यासक लावतो, ती छायाचित्राला लावण्याची प्रथा मराठीत अद्याप पुरेशी रुजलेली नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून कागदाचे अक्षर, शिक्का, मायना व मिती तपासून अस्सल, नक्कल आणि बनावट असा भेद करण्याची शिस्त या भाषेत निर्माण झाली. छायाचित्र मात्र स्वतःच स्वतःचा पुरावा मानले जाते. शिक्षणसंस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावांचे इतिहास आणि खेळाडूंची चरित्रे यांतून ‘दुर्मीळ छायाचित्र’ एवढ्याच मथळ्यावर चित्रे छापली जातात. ते कोणी काढले, मूळ प्रत कोणाकडे होती, मथळा कोणत्या आधारावर लिहिला, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. दुर्मीळ असणे हा गुण खरा. पण तो पुरावा नव्हे.

चित्रावरील नाव कसे फसवते याचे उदाहरण मराठी वाचकाला अपरिचित नाही. एका मुसलमान सरदाराचे, इब्राहिमखानाचे चित्र दीर्घकाळ शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३० च्या दशकारंभी डच साधनांच्या आधारे ही चूक दाखवून महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले. येथे महत्त्वाचे हे की, आधीचे चित्र बनावट नव्हते. ते अस्सल जुने चित्र होते. त्याखालचे नाव चुकीचे होते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच छायाचित्रांच्या बाबतीत वाद वाढतात. ‘हे चित्र खरे की खोटे?’ या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न दडलेले असतात. हातातील प्रत किती जुनी आहे? तीवर टिपलेला क्षण कोणत्या काळचा आहे? आणि त्यात दिसणारी माणसे तीच आहेत काय, जी मथळा सांगतो? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. आणि तिसरा प्रश्न तर बहुतेक वेळा केवळ कागदाकडे पाहून सुटतच नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. १८३९ साली जाहीर झालेली दागेरोटाइप पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा देई. १८५० साली फ्रान्समध्ये अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद आला आणि पुढील वर्षी काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुसंख्य छायाचित्रे या जोडीची अपत्ये होत. अल्ब्युमेन कागद पातळ असल्याने तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे; काळाच्या ओघात तो पिवळसर होतो आणि भिंगाखाली त्यावर बारीक भेगांचे जाळे दिसते. शतकाच्या अखेरीस जिलेटिनयुक्त चंदेरी कागदाने त्याची जागा घेतली. या कागदावरील गडद भाग कडेने तिरकस उजेडात आरशासारखे चमकू लागतात. भिंगाखाली समान अंतरावरील ठिपक्यांची जाळी दिसली, तर समोर छायाचित्र नसून छापखान्यातून निघालेली प्रत आहे असे निःशंक म्हणावे. १९५० च्या दशकापासून कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर चकाकतात. ‘१९११ ची मूळ प्रत’ म्हणून पुढे केलेला कागद असा चकाकला तर तेथेच दावा संपतो. मात्र न चकाकणारा कागद जुना ठरतोच असे नाही. ही कसोटी दावा पाडण्यासाठी उपयोगी आहे, सिद्ध करण्यासाठी नाही.

साधनचिकित्सेच्या अभावाचे ठळक उदाहरण म्हणून झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून प्रसृत झालेल्या छायाचित्राकडे पाहता येईल. हे चित्र २००९ साली भोपाळ येथील प्रदर्शनात मांडले गेले. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने ते १८५० साली काढल्याचे सांगण्यात आले आणि अल्पावधीत ते वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचले. आता ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ ही कलकत्त्याची नामांकित छायाचित्रसंस्था उभी राहिली ती १८८० च्या दशकारंभी. म्हणजे १८५८ साली राणीला ग्वाल्हेर येथे वीरमरण आले त्यानंतर सुमारे दोन तपांनी. शिवाय १८५० हे साल तंत्रदृष्ट्याही अडचणीचे आहे. ज्या वर्षी अल्ब्युमेन कागदाची कल्पना फ्रान्समध्ये नुकतीच मांडली जात होती, त्याच वर्षी बुंदेलखंडातील एका संस्थानात राजस्त्रीचे छायाचित्र घेतले गेले असे म्हणणाऱ्याने समकालीन पुरावा द्यावयास हवा. तो न देता वर्ष आणि नाव दोन्ही स्वीकारले गेले, याचे कारण राणीचा चेहरा पाहण्याची समाजाची ओढ हेच असावे. ती ओढ समजण्यासारखी आहे. तिचा इतिहासात समावेश करता येत नाही.

व्यक्तिचित्रापेक्षा संघाचे छायाचित्र तपासण्यास एका अर्थाने सोपे असते. एका व्यक्तीचे चित्र कोणाचेही असू शकते. परंतु ज्ञात असलेली अकरा किंवा पंधरा माणसे एकाच चौकटीत येण्याचे प्रसंग मोजकेच असतात. संघाची यादी उपलब्ध असेल तर तीच कालनिश्चितीचे साधन होते. पारशी क्रिकेटपटूंचे इंग्लंडचे दोन दौरे याचे चांगले उदाहरण आहे. १८८६ च्या संघाने २८ सामन्यांपैकी एकच जिंकला. १८८८ च्या संघाने ३१ पैकी ८ जिंकले आणि त्यात मेहेलाशा पावरी यांनी १७० बळी घेतले. पावरी पहिल्या दौऱ्यावर नव्हते. साहजिकच त्यांची ओळख निर्विवाद असलेले चित्र १८८६ च्या दौऱ्याचे असूच शकत नाही. पोशाख, टोप्या किंवा बॅटचा आकार यांवरून दोन वर्षांचा फरक कोणालाही सांगता आला नसता. तो एका नावाने सांगितला.

हीच रीत पालवणकर बंधूंच्या चित्रांना लावली असता काय हाती लागते ते पाहणे उद्बोधक आहे. पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ साली इंग्लंडला गेलेल्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते; विठ्ठल नव्हते. ज्या चित्रात तिघे भाऊ एकत्र दिसतात असा दावा आहे, ते त्या दौऱ्याचे नव्हे. विठ्ठल हे १९२३ साली चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार झाले. म्हणून मध्यभागी खुर्चीवर विठ्ठल बसलेले असतील तर ते चित्र १९२३ किंवा त्यानंतरचे असण्याची शक्यता वाढते. येथे ‘शक्यता’ हाच शब्द योग्य आहे, कारण मध्यभागी नेहमी कर्णधारच बसे असा नियम नव्हता. संस्थानिक, आश्रयदाता किंवा क्लबाचा अध्यक्ष यांना ती खुर्ची दिली जाई. स्पर्धेच्या नावावरूनही मर्यादा आखता येतात. १९०७ साली हिंदूंच्या प्रवेशाने ती तिरंगी झाली, १९१२ साली मुसलमान संघामुळे चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी. १९४६ नंतर ती बंद पडली. मथळ्यात ‘पंचरंगी’ आणि साल १९२० असेल, तर निदान एक गोष्ट चुकलेली आहे.

तथापि पालवणकरांच्या चित्रांच्या बाबतीत कालनिश्चिती हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. बाळू पालवणकर (१८७६–१९५५) हे चर्मकार समाजातील. पुण्यातील क्रिकेट क्लबांत खेळपट्टीची निगा राखणे आणि सरावाला गोलंदाजी करणे ही त्यांची सुरुवात. हिंदू संघात त्यांची निवड झाल्यावरही चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, हे रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या ग्रंथात नोंदविले आहे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. १९११ च्या दौऱ्यात संघाने २३ पैकी १५ सामने गमावले, पण बाळूंनी ११४ बळी मिळविले. इतके करूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. अशा खेळाडूचे छायाचित्र कोणत्या वर्षाचे यावरून त्याचा अर्थ बदलतो. कॅमेऱ्यासमोर खांद्याला खांदा लावून बसलेला संघ त्यानंतरच्या चहाच्या वेळी एका पंगतीत बसला होता की नाही, हे छायाचित्र सांगत नाही. उलट ते झाकते. पहिल्या वर्षांतील चित्रावर नंतरचे साल पडले, तर विटाळाच्या काळातील चित्र प्रतिष्ठेच्या काळातले वाटू लागते. नंतरचे चित्र आधीचे ठरवले, तर संघर्षाची दोन दशके वाचकाच्या नजरेतून नाहीशी होतात. दलित खेळाडूंच्या चरित्रात लेखी साधने आधीच तुटपुंजी असल्यामुळे या चुकीची किंमत अधिक आहे. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने जुनी चित्रे रंगीत करण्याची टूम निघाली आहे. त्यात टोपीला दिलेला रंग हा यंत्राचा तर्क असतो. पुढील अभ्यासक त्याच रंगावरून क्लब ओळखू लागल्यास नवल नाही.

‘अस्सल’ या शब्दाची व्याप्ती अमेरिकेतील बेसबॉलच्या संग्राहकांनी कटू अनुभवाने शिकून घेतली आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाची (स्थापना १८४५) मंडळी म्हणून ओळखल्या गेलेल्या एका दागेरोटाइपचा पत्रा जुना आहे याविषयी वाद नाही. वाद आहे तो चेहऱ्यांविषयी, आणि तो कानांच्या ठेवणीच्या तुलनेपर्यंत जाऊन पोहोचला. दुसरे प्रकरण होनस वॅग्नर या खेळाडूच्या सिगारेटसोबत मिळणाऱ्या पत्त्याचे. जगातील सर्वांत मौल्यवान मानल्या गेलेल्या त्याच्या प्रतीच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली संबंधित विक्रेत्याने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. पत्ता खरा, चित्र खरे, स्थिती बनावट. बाजारभाव जेथे वाढतो तेथे अशी चलाखी येते. जुन्या वस्तूंच्या बाजारात आपल्याकडेही ती येणारच.

बीड जिल्ह्यातील साधनांकडे वळल्यास आणखी एक वेगळीच अडचण समोर येते. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि सरकारी व्यवहार उर्दूत व फसली सनात चाले. छायाचित्राच्या पाठीवर अरबी अंकांत ‘१३३५’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते हिजरी धरल्यास १९१६–१७ येते आणि फसली धरल्यास १९२५–२६. एकाच आकड्याने नऊ वर्षांचा फरक पडतो. सोबत महिन्याचे नाव असेल तर प्रश्न मिटतो : मोहरम, सफर असल्यास हिजरी, आजूर, दै, बहमन असल्यास दख्खनी फसली. अनेक घरांतून आज उर्दू वाचणारे कोणी उरलेले नाही, त्यामुळे पाठीवरचा मजकूर ‘काहीतरी खरडलेले’ म्हणून दुर्लक्षिला जातो आणि चौकट बदलताना पाठीमागचा पुठ्ठा टाकून दिला जातो. साल सांगणारा एकमेव साक्षीदार तो पुठ्ठाच असतो.

स्थळनामेही तितकीच बोलकी आहेत. अंबाजोगाईचा उल्लेख ‘मोमिनाबाद’ असा असेल, तर मथळा निजामकाळाच्या सवयीने लिहिला आहे. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि कंटिंजंट १९०३ साली भारतीय सैन्यात विलीन झाले. त्यामुळे ‘कंटिंजंट’ हा शब्द असलेला लष्करी संघाचा मथळा साधारणपणे त्याआधीचा मानावा. महाविद्यालयीन संघांच्या चित्रांत फलकावरील विद्यापीठाचे नाव निर्णायक ठरते. ‘मराठवाडा विद्यापीठ’ असा फलक २३ ऑगस्ट १९५८ पूर्वीचा असू शकत नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव असल्यास चित्र जानेवारी १९९४ नंतरचे. मात्र नामांतराच्या आंदोलनाची तीव्रता पाहता आधीच्या चित्राच्या मथळ्यात नंतर नवे नाव घालण्याचा मोह झालेला असू शकतो. म्हणून चित्रातील फलकावर काय आहे आणि चित्राखाली कोणी काय छापले, हे दोन वेगळे पुरावे समजावेत आणि त्यांची नोंदही वेगवेगळी करावी. महाविद्यालयांच्या क्रीडाविभागातील भिंतींवर लटकणाऱ्या चौकटी उघडून पाठींची छायाचित्रे घेणे, त्यावरील उर्दू मजकूर वाचून घेणे आणि नावे सांगू शकणारे माजी विद्यार्थी हयात आहेत तोवर त्यांचे कथन लिहून ठेवणे, एवढे काम कोणत्याही इतिहासविभागास एका सत्रात करता येईल. वाळवी आणि रंगकाम या दोहोंपैकी रंगकामाने आजवर अधिक चौकटी गिळल्या आहेत.