सुधारणेची सक्ती

'सुधारणा' या शब्दाइतका वाद दुसऱ्या कोणत्याही शब्दानें महाराष्ट्रांत माजविला नसेल. सुधारणा इष्ट कीं अनिष्ट, ती आधीं घरांत व्हावी कीं राज्यकारभारांत, आणि विशेषतः ती लोकांनीं आपखुषीनें करावी कीं त्यांच्यावर लादली तरी चालेल, या प्रश्नांवर आपल्या पणजोबांच्या पिढीनें वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. तो वाद आतां इतिहासजमा झाला असा आपला समज आहे. परंतु तोच शब्द आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल फोनवर, बहुधा रात्रीं निजानीज झाल्यावर, पुन्हां उमटूं लागला आहे. आणि या खेपेस मात्र त्यावर फारसा कोणी वाद घालीत नाहीं, कारण वाद घालण्यास जागाच ठेवलेली नाहीं. फोनच्या सॉफ्टवेअरचें 'अपडेट' म्हणून जी गोष्ट आपण ओळखतों तिच्याविषयीं, आणि ती ज्या भाषेंत आपल्यापुढें येते त्या भाषेविषयीं, थोडा विचार करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

निमित्त घरगुती आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची असून वाईस आमच्या जुन्या घरांत एकटी राहते. रोज सायंकाळीं सात वाजतां पुण्याहून मी तिला फोन करतों. एके दिवशीं सहा वेळां घंटा वाजली, पण उत्तर आलें नाहीं. अशा वेळीं मनांत काय काय येतें तें ज्यांचे वृद्ध आईबाप दूर राहतात त्यांना सांगावयास नको. शेवटीं शेजाऱ्यांना विनंती केली. ते धांवत गेले, तों आई झोपाळ्यावर फोन हातांत घेऊन रडवेल्या चेहऱ्यानें बसलेली. मग त्यांच्याच फोनवरून ती मला म्हणाली, "अरे, तूंच फोन करतोयस हें दिसत होतं, पण उचलायचा कुठं तेंच कळेना. कालपर्यंत बोट लावलं कीं पुरत होतं. माझंच कांहींतरी चुकलं असेल."

तिचें कांहींएक चुकलें नव्हतें. आदल्या रात्रीं तिच्या फोनमध्यें 'सुधारणा' झाली होती. पूर्वीं ज्या हिरव्या वर्तुळाला नुसता स्पर्श केला असतां बोलणें सुरू होई, तें आतां बाजूस सरकवावें लागत होतें. हा फेरफार कोणी सुचविला, कशाकरितां केला, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तो कळणार कसा, याचा विचार ज्यांनीं करावयाचा त्यांनीं तो केला असेल किंवा नसेल. तिला मात्र कोणी विचारलें नाहीं, एवढें निश्चित. आणि मला सर्वांत जें लागलें तें हें कीं, दोष तिनें स्वतःकडे घेतला.

साहित्याच्या अध्यापकास कोणताही मजकूर पुढें आला कीं त्याची चिकित्सा करण्याची खोड असते. या अपडेटांबरोबर येणारी सूचना तशा दृष्टीनें वाचून पाहावी. तिचा आशय सामान्यतः ठराविक असतो: नवीन आवृत्ति उपलब्ध आहे, कांहीं दोष दूर करण्यांत आले आहेत, कार्यक्षमता वाढविण्यांत आली आहे. या वाक्यांत पहिली उणीव कर्त्याची. सर्व क्रिया घडलेल्या आहेत, पण त्या करणारा कोणी दिसत नाहीं. सरकारी खलित्यांतील हा प्रयोग आपल्या चांगला परिचयाचा आहे. ज्याला जबाबदारी घ्यावयाची नसते तो नेहमीं कर्त्याला पडद्याआड ठेवतो. दुसरी उणीव तपशिलाची. दोष होते तर ते कोणते, आणि ते काल आम्हांला विकलेल्या वस्तूंत कसे राहिले? कार्यक्षमता वाढली ती कोणाची? याहून बोलकी गोष्ट मजकुराखालच्या दोन बटनांची आहे. एक म्हणतें, 'आतां करा'. दुसरें म्हणतें, 'नंतर आठवण करा'. 'नको' म्हणणारें तिसरें बटन बहुधा नसतेंच. वरकरणीं हा प्रश्न आहे, परंतु ज्या प्रश्नाला नकारार्थी उत्तरच देतां येत नाहीं त्याला मराठींत आज्ञा म्हणतात. आणि कित्येकदां ही आज्ञासुद्धां न होतां, आईच्या बाबतींत झालें तसें, बदल परस्पर होऊन जातो.

आतां दुसरी बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. फोन हा केवळ बोलण्याचा डबा राहिलेला नाहीं. त्यांत आपली बँक आहे, पत्रें आहेत, मुलाबाळांचीं छायाचित्रें आहेत. त्याचें कुलूप कोठें कच्चें आहे हें चोराला मालकाच्या आधीं कळतें. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव सुमारें दीडशें देशांतील संगणकांत पसरला आणि इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. वास्तविक त्या भगदाडावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधीं, मार्चमध्येंच, दिलेली होती. ती ज्यांनीं लावून घेतली नाहीं ते बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्यें ॲपल कंपनीनें आयफोनमधील जें एक छिद्र बुजविलें, त्यांतून हेरगिरीचें सॉफ्टवेअर फोनच्या मालकानें कोठेंही बोट न लावतां आंत शिरत असे. अशा प्रसंगीं प्रत्येकाची संमति येईपर्यंत थांबणें म्हणजे आग लागलेल्या वाड्यांत बिऱ्हाडकरूंची सभा भरविण्यासारखें होईल. २०१६ सालीं सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन पेट घेऊं लागला, तेव्हां अमेरिकेंत कंपनीनें एक अपडेट पाठवून तो चार्जच होऊं नये अशी व्यवस्था केली. ही सक्ती तर उघड होती. पण तिचें कारण जाहीर होतें, आणि फोन परत घेण्याची तजवीजही केलेली होती. तरीसुद्धां व्हेरायझन या दूरध्वनि-कंपनीनें प्रथम हरकत घेतली कीं, सणाच्या दिवसांत प्रवासांत असलेल्या ज्या माणसाजवळ दुसरा फोन नाहीं त्यानें संकटकाळीं काय करावें? पुढें तिनेंही तें अपडेट दिलें. पण सक्ती योग्य असली तरी तिच्यापायीं कोणाची अडचण होईल हा प्रश्न विचारावयाचा असतो, हें या हरकतीनें दाखवून दिलें.

तेव्हां सक्ती सर्वस्वीं त्याज्य आहे असें माझें म्हणणें नाहीं. माझी तक्रार अशी कीं, तीन भिन्न गोष्टी एकाच पोटलींत बांधून आपल्या हातीं दिल्या जातात. पहिली दुरुस्ती, म्हणजे फुटलें तें सांधणें. दुसरी रंगरंगोटी, म्हणजे बटनाची जागा, अक्षराचें वळण, पडद्याचा रंग बदलणें. आणि तिसरी निर्बंध, म्हणजे विकत दिलेल्या वस्तूची कांहीं शक्ति मागाहून काढून घेणें. पहिल्या गोष्टीच्या पुण्याईवर उरलेल्या दोन खपविल्या जातात, आणि तिन्हींना नांव एकच, 'सुधारणा'.

तिसऱ्या प्रकाराचीं उदाहरणें काल्पनिक नाहींत. जानेवारी २०१७ मध्यें आलेल्या एका अपडेटनंतर, ज्यांची बॅटरी झिजली आहे असे जुने आयफोन संथ चालूं लागले. फोन अवचित बंद पडूं नये म्हणून हें केलें, असें ॲपलनें त्याच वर्षीं डिसेंबरांत मान्य केलें. कारण खोटें नसेलही; पण तें आधीं कोणास स्पष्ट सांगितलें नव्हतें. फोन मंदावला म्हणून नवा घ्यावा असें ज्यांना वाटलें, त्यांना केवळ बॅटरी बदलून भागलें असतें हें ठाऊक नव्हतें. कंपनीनें क्षमा मागितली, अमेरिकेंत बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला, आणि २०२० मध्यें तेथील दाव्यांत ५० कोटि डॉलरांपर्यंत भरपाई देण्याची तडजोड केली. इटलीच्या स्पर्धा व ग्राहकविषयक प्राधिकरणानें ऑक्टोबर २०१८ मध्यें अशाच अपडेटांबद्दल ॲपलला १ कोटि व सॅमसंगला ५० लक्ष युरो दंड केला. ग्राहकांस पुरती कल्पना दिली नाहीं आणि पूर्वस्थितीस परत जाण्याचा मार्ग ठेवला नाहीं, हा त्यांतील ठपका होता. जानेवारी २०२५ मध्यें गूगलच्या पिक्सेल ४ए या २०२० सालच्या फोनांत आपोआप शिरणारें एक अपडेट आलें, आणि कित्येकांच्या बॅटरीची क्षमता एका रात्रींत घटली. बॅटरीचें स्थैर्य हें कारण देण्यांत आलें, आणि मोफत नवी बॅटरी, कांहीं रोख रक्कम किंवा नव्या फोनवर सूट असे पर्यायही पुढें ठेवले. पण 'मला माझा कालचा फोन द्या' हा पर्याय त्यांत नव्हता.

वाचकवर्गास ही गोष्ट पुस्तकाच्या दृष्टांतानें चटकन् पटेल. ग्रंथकार दुसरी आवृत्ति काढतो, तेव्हां कोणते फेरफार केले हें प्रस्तावनेंत नमूद करतो. आणि तुमच्या कपाटांतील पहिली आवृत्ति तशीच राहते. ज्याला जुना पाठ प्रिय आहे त्यानें तो वाचावा. प्रकाशक मध्यरात्रीं घरांत शिरून जुनी प्रत उचलून नेत नाहीं. पण ग्रंथ कागदावरून यंत्रांत गेला, आणि हेंही घडलें. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें किंडल या वाचनयंत्रावर विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या कांहीं प्रती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत केले, पुढें क्षमाही मागितली. त्यांत 'नाइन्टीन एटी-फोर' हें पुस्तक असावें, हा योगायोग कोणत्याही टीकाकाराला कल्पून सुचला नसता. किंमत परत मिळाली म्हणजे मालकी परत मिळाली असें होत नाहीं, हा धडा त्या वाचकांना मिळाला. फोनच्या बाबतींत तो आपण सर्वच जण शिकत आहों. वस्तु विकत घेतली असें आपण म्हणतों खरें. पण तिचा स्वभाव बदलण्याचा अधिकार विकणाऱ्याच्याच हातीं उरतो.

येथें १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची आठवण होते. मुलीचें संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा तो कायदा. आगरकर व भांडारकर त्याच्या बाजूचे. टिळकांचा विरोध मुख्यतः असा कीं, परक्या सरकारनें कायद्याच्या बळावर समाज सुधारूं नये, समाजानें शिक्षणानें स्वतः सुधारावें. आज आपण त्या कायद्यापुरता आगरकरांचा पक्ष निःशंकपणें घेऊं. जी बालिका स्वतः 'नको' म्हणूं शकत नव्हती, तिच्या रक्षणासाठीं ती सक्ती होती. एका मुलीचें आयुष्य आणि एका फोनचें बटन यांची तुलना करण्याचा अविवेक मी करणार नाहीं. परंतु त्या वादानें दोन कसोट्या आपल्याला घालून दिल्या आहेत. सक्ती दुर्बलाच्या संरक्षणासाठीं आहे कीं प्रबलाच्या सोयीसाठीं, ही एक. आणि सक्तीपूर्वीं तिचीं कारणें चव्हाट्यावर येऊन त्यांची झाडाझडती झाली कीं नाहीं, ही दुसरी. तो कायदा सभांतून, वृत्तपत्रांतून, कौन्सिलांतून चर्चा होऊन आला. आमच्या खिशांतील कायदा रात्रीं दोन वाजतां येतो, आणि या दोन्ही कसोट्यांना पुष्कळ वेळां उतरत नाहीं. येथें दुर्बल कोण, तर माझी आई. आणि सुधारणेचा घाव तिच्यावरच पडला.

यावर उपाय अशक्य कोटींतले नाहींत. दुरुस्ती आणि रंगरंगोटी वेगळ्या करा. दुरुस्ती खुशाल आग्रहानें द्या. काय बदललें तें आधीं, आमच्या भाषेंत, कर्त्यासह सांगा. 'नको' हें बटन ठेवा, आणि केलेला बदल मानवला नाहीं तर परत फिरण्याची वाट ठेवा. युरोपीय संघानें डिजिटल सेवांसंबंधीं २०१९ सालीं केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत याच दिशेनें पाऊल टाकलें आहे: असा बदल करण्यास करारांत सांगितलेलें सबळ कारण हवें, ग्राहकावर जादा खर्च पडतां कामा नये, त्याला स्पष्ट सूचना हवी, आणि बदलानें त्याची खरोखर गैरसोय होत असेल तर करार मोडण्याची मुभा हवी. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें, नव्या अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून, ॲपलला नोटीस पाठविली. म्हणजे तक्रार करणें हा म्हाताऱ्या माणसांचा किरकिरेपणा नव्हे, एवढें तरी सरकारदरबारीं मान्य झालें आहे.

पुढच्या रविवारीं मी वाईस गेलों. आईला नवी रीत शिकविली. तिनें माझ्या फोनवरून दहा-बारा वेळां घंटा वाजवावयास लावून तिचा सराव केला, आणि एका कागदावर बाणाची खूण काढून तो देव्हाऱ्याशेजारीं चिकटविला. निघतांना तिनें विचारलें, "हें आतां असंच राहील ना रे? पुन्हां नाहीं ना बदलणार?" तीस वर्षें वर्गांत प्रश्नांचीं उत्तरें देत आलों आहें, पण या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. ज्यांच्याजवळ तें आहे त्यांचा पत्ता त्या सूचनेंत दिलेला नसतो.