स्वयंप्रकाशनाचा ताळेबंद

मराठीत लिहून घर चालत नाही, हे मराठी लेखकाने फार पूर्वीच पत्करलं. विंदा करंदीकर प्राध्यापक होते, व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते, अरुण कोलटकर जाहिरातींत रमले होते. घर पगारावर चालायचं आणि लेखनाचं मानधन वरखर्चाला पडायचं. आता मात्र अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, लोकलमध्ये मोबाइलवर कथा टंकणाऱ्या हजारो हातांना वेगळं सांगितलं जातंय: प्रकाशकाची वाट पाहू नका, पुस्तक स्वतः काढा, समाजमाध्यमांवर स्वतःच गाजवा, पैसे थेट तुमच्या खात्यात येतील. या सांगण्यात खरं किती, ते तपासायला हवं.

स्वयंप्रकाशन मराठीला नवं नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, गावोगाव वर्गणीदार जमवले आणि तो सगळा खटाटोप ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडून ठेवला. आपलं पुस्तक आपणच कसं विकायचं, याविषयी मराठीत याहून प्रांजळ दस्तऐवज नसेल. १९५५ साली ‘शब्द’पासून सुरू झालेल्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीने सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वतःचं साहित्य छापलं. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने कोलटकरांची कविता जपून, देखण्या रूपात वाचकांना दिली. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन घराघरांत नेलं. केतकर आणि ग्रंथाली, दोघांच्याही यशाचं मर्म एकच होतं: पुस्तकाच्या आधी त्यांनी वाचक बांधला.

आज साधनं स्वस्त झाली आहेत. आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठीचं दालन उघडलं. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’ या वाचन-लेखन मंचावर मराठी मालिका भागाभागाने वाचल्या जातात. पवईची ‘स्टोरीमिरर’, चेन्नईची ‘नोशन प्रेस’ अशा कंपन्या हव्या तेवढ्याच प्रती छापून देतात. छापखान्याचे आणि गोदामाचे उंबरठे झिजवणं संपलं, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

आता हिशेब करू. किंडलवर लेखकाला ३५ किंवा ७० टक्के वाटा मिळतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही न विकण्याची अट मान्य करावी लागते. ३५ टक्क्यांनी धरलं, तर ९९ रुपयांच्या पुस्तकामागे ३५ रुपयेही हाती येत नाहीत. महिन्याला २० हजार रुपये हवे असतील, तर दर महिन्याला पावणेसहाशे प्रती खपायला हव्यात, आणि मराठीत हजाराची छापील आवृत्ती संपायलाही कित्येकदा वर्षं जातात. छापील पुस्तकाची आवृत्ती स्वतः काढली, तर प्रकाशक देतो त्या साधारण दहा टक्के मानधनापेक्षा वाटा नक्कीच मोठा होतो. पण छपाई, टपाल, विक्रेत्याची सूट आणि पडून राहिलेल्या प्रती हे सगळं लेखकाच्या माथी येतं. करही डिजिटल लेखकाला अनुकूल नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर ५ टक्के आहे, तोही छापील आवृत्ती असेल तर. नसेल तर १८ टक्के. केवळ पडद्यावर जगणाऱ्या पुस्तकाला शासन अजून पुस्तक मानत नाही, असाच याचा अर्थ.

या बाजारात नेमाने कमावतो कोण? लेखकांना सेवा विकणारा. मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, जाहिरात, ‘बेस्टसेलर’चा शिक्का, प्रत्येकाचं पॅकेज ठरलेलं असतं. निवृत्तीच्या पैशातून पन्नास-साठ हजार भरून काढलेला कवितासंग्रह नातेवाइकांत वाटून संपतो, तेव्हा पुस्तक विकलं गेलेलं नसतं. लेखक स्वतःच गिऱ्हाईक झालेला असतो. हे स्वयंप्रकाशन नव्हे. पैसे मोजण्याआधी एवढा फरक प्रत्येकाने ओळखावा.

मग कुणालाच जमलं नाही का? जमलं आहे. शरद तांदळे यांनी ‘रावण – राजा राक्षसांचा’ ही कादंबरी स्वतःच्याच न्यू इरा पब्लिशिंग हाउसतर्फे काढली आणि ती महाराष्ट्रभर खपली. पण त्यांच्यामागे उद्योजक म्हणून कमावलेली ओळख होती, तरुणांपुढे केलेली व्याख्यानं होती आणि पुस्तक हा व्यवसाय आहे हे मान्य करण्याची तयारी होती. कवितेतही असंच उदाहरण आहे. स्पृहा जोशी आणि संकर्षण कऱ्हाडे यांच्या काव्यप्रयोगाला लोक तिकीट काढून नाट्यगृहात येतात. दोघांचे चेहरे अभिनयामुळे आधीच घरोघरी पोचलेले होते. ही वाटही जुनीच. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’, वपुंचं कथाकथन, बापट-विंदा-पाडगावकरांचं काव्यवाचन यांनी दाखवून दिलं होतं की मराठी माणूस शब्दांसाठी पैसे मोजतो, विशेषतः ते लेखकाच्या तोंडून ऐकायला मिळत असतील तर. ऑनलाइन प्रसिद्धी गर्दी जमवते; कमाई बहुतेक वेळा पुस्तकाशेजारच्या कामातून होते.

त्या कामाची मोठी पेठ मुंबईच्या उपनगरांतच आहे. मालिका, वेब मालिका आणि चित्रपट यांच्या लेखनाचे व्यवहार अंधेरीच्या आसपास ठरतात; पटकथालेखकांच्या संघटनेचं कार्यालयही अंधेरी पश्चिमेलाच आहे. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क शाबूत ठेवला. २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेल या श्राव्यपुस्तकांच्या कंपनीने खास ऐकण्यासाठी मराठी मालिका लिहून घेतल्या. फोनवर स्वतःचं लिहून हात बसलेल्या लेखकाला ही कामं मिळू शकतात. म्हणून ऑनलाइन लेखन हे पोटापाण्याचं साधन कमी आणि उमेदवारी जास्त, असं माझं मत आहे.

पण या उमेदवारीत संपादक नाही, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठं नुकसान तेच आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी कथेच्या एकेका वळणावर पत्रव्यवहार करत. १९६९ साली बंडखोर तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तीही स्वतःच्या वाङ्मयीन कसोट्या हाती घेऊन. आज कसोटी वाचनसंख्येची आहे. मालिकेचा प्रत्येक भाग धक्क्यावर तुटतो, पात्रं सूडाच्या आणि लग्नाच्या चक्रात फिरत राहतात, शंभराव्या भागात पहिल्या भागातलं माणूस ओळखू येत नाही. तरीही या गर्दीत मला आशा दिसते. छापील मासिकांच्या दारापर्यंत कधी न पोचलेल्या गृहिणी, परिचारिका, रिक्षाचालक यांची भाषा तिथे उमटते आहे. तिला संपादकाचा हात मिळाला, तर उद्याची मराठी कादंबरी तिथूनच येईल.

तेव्हा लेखकांनी ऑनलाइन लिहावं, पण नोकरी सोडू नये. हक्क कायमचे लिहून देऊ नयेत, एकाच मंचावर विसंबू नये आणि पॅकेजवर खर्च करण्याआधी चांगल्या संपादकाला पैसे द्यावेत. संपादकाचा हात देऊ शकतील अशी ठिकाणं उपनगरांत आहेत: विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ. अशा संस्थांनी हस्तलिखितांवर चर्चा करणारी नियमित शिबिरं घ्यावीत. शासकीय ग्रंथखरेदीत लेखकाने स्वतः काढलेलं दर्जेदार पुस्तक बरोबरीने तपासलं जावं.

आणि वाचकांना एक विनंती. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना पुस्तक आवडतं, त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली चोरीची पीडीएफ पुढे न ढकलता एक प्रत विकत घ्यावी. लेखकाचं पोट भरण्याचा याहून खात्रीचा मार्ग कोणत्याही कंपनीकडे नाही.