ठिगळाचे सौंदर्यशास्त्र : जून ताकाहाशी यांच्या 'अंडरकव्हर'ची चिकित्सा

प्रस्तावना :
वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज आहे. परंतु वस्त्रातून दर्जा, शोक, वैराग्य आणि विद्रोहही व्यक्त होतो. १९८१ मध्ये रेई कावाकुबो व योहजी यामामोतो या जपानी वेशरचनाकारांनी पॅरिसमध्ये काळे, सैल, ओबडधोबड कपडे सादर केले. काही पाश्चात्त्य समीक्षकांना त्यात केवळ दारिद्र्याचे प्रदर्शन दिसले. त्यांच्या पुढच्या पिढीतील जून ताकाहाशी यांच्या 'अंडरकव्हर' या नाममुद्रेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ताकाहाशी यांचा जन्म १९६९ मध्ये किर्यू या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. टोकियोतील बुन्का फॅशन कॉलेजात शिकत असताना ते 'सेक्स पिस्टल्स' या ब्रिटिश पंक वाद्यवृंदाची गाणी गाणाऱ्या एका चमूत गायक होते. १९९० मध्ये त्यांनी 'अंडरकव्हर' सुरू केले. 'आम्ही कपडे नव्हे, गोंगाट निर्माण करतो' या आशयाचे त्यांचे घोषवाक्य आहे. २००२ मध्ये पॅरिसमध्ये सादर झालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'स्कॅब', म्हणजे जखमेवरची खपली, असे होते. फाटलेल्या कडा, लोंबणारे धागे आणि ठिगळांवर ठिगळे हे त्याचे विशेष होत. जखम लपविण्याऐवजी ती भरून येण्याची खूण मिरविणे, हा या संग्रहाचा आशय म्हणता येईल.

बाजाराने विद्रोह गिळला, असा आक्षेप येथे सहज घेतला जातो. तो अर्धवट आहे. 'सेक्स पिस्टल्स' हा वाद्यवृंदच १९७५ मध्ये लंडनमधील एका कपड्यांच्या दुकानाभोवती आकाराला आला. पंकमध्ये विद्रोह आणि विक्री प्रारंभापासून एकत्र नांदत होते. म्हणून प्रश्न विक्रीचा नसून ठिगळाच्या अर्थाचा आहे.

वऱ्हाडातील वाचकाला हा अर्थ परका नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) चिंध्यांचा वेश आयुष्यभर स्वीकारला. त्यांच्याही ठिगळाला गाण्याची जोड होती. कीर्तनातून ते अंधश्रद्धा, कर्ज आणि व्यसन यांवर प्रहार करीत. घराघरांतील गोधडीत ठिगळ म्हणजे गरज आणि आईचे कष्ट. गाडगे महाराजांच्या अंगावर तेच ठिगळ अपरिग्रह झाले. ताकाहाशींकडे ते निवडलेले सौंदर्य आहे. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीला मात्र ही निवड उपलब्ध नसते.

मूल्यमापन :
ताकाहाशी यांचे श्रेय असे की, गुळगुळीत चकाकीची सवय झालेल्या नजरेला त्यांनी शिवण आणि तिच्यामागचे श्रम दाखविले. मर्यादाही तेथेच आहे. दारिद्र्याची खूण महागड्या दालनात पोहोचते, दरिद्री माणूस बाहेरच राहतो. गाडगे महाराजांच्या कीर्तनातून उभ्या राहिलेल्या निधीतून पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या. ठिगळातून निर्माण झालेले मूल्य समाजाकडे परतले.

निष्कर्ष :
१. 'अंडरकव्हर'ची वेशरचना ही पंक संगीताची नक्कल नसून त्याचे कापडातील रूपांतर आहे.
२. ठिगळाचा अर्थ ते कोणी, कोणत्या परिस्थितीत धारण केले यावर ठरतो.
३. अशा कलाकृतीची समीक्षा रूपापाशी थांबू नये. बुलडाण्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात वस्त्राचा प्रवास शेतापासून सुरू होतो. त्या वस्त्राच्या किमतीतील किती वाटा वेचणाऱ्या व शिवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्नही सौंदर्यविचाराचाच भाग मानला पाहिजे.