'ख्रिस्तपुराणा'चे अध्यापन आणि बायबल-वाचनाची पूर्वतयारी

प्रस्तावना :

मराठीच्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची ओळख बहुधा मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्यांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने आपल्या भाषेचा असा गौरव करावा, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हा ग्रंथ असाच शिकविला. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे पुराण आहे, तर त्यात सांगितलेली गोष्ट कोणती?" त्या वेळी देण्यासारखे नीट उत्तर जवळ नव्हते.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातील मोजक्या ओव्या शिकवून उरलेला ग्रंथ मिटून ठेवला जातो, याचे कारण केवळ तासिकांची टंचाई नव्हे. अध्यापकाचा बायबलशी असलेला अपरिचय हे त्यामागील खरे कारण आहे. हा अपरिचय दूर करण्यासाठी कोणती तयारी आवश्यक आहे, याचा विचार येथे केला आहे.

बायबल : एक ग्रंथ नव्हे, ग्रंथसंग्रह

बायबल हा अनेक शतकांत हिब्रू, अरामी आणि ग्रीक या भाषांत सिद्ध झालेला ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६, तर कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके आहेत. फरक आहे तो जुन्या करारात. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींकडे समान आहेत. हा तपशील केवळ माहितीचा नाही. स्टीफन्स कॅथलिक होते आणि १५४६ च्या ट्रेंट धर्मपरिषदेने अधिकृत मानलेली लॅटिन 'व्हल्गेट' संहिता ही त्यांच्या परंपरेची संहिता होती. प्रॉटेस्टंट परंपरेतील एखादे मराठी भाषांतर हाती घेऊन 'ख्रिस्तपुराण' ताडून पाहणाऱ्या अध्यापकाला हे ठाऊक नसेल, तर संहितेतील भेदालाही तो कवीचे स्वातंत्र्य समजेल.

शिवाय ज्याला ख्रिस्ती 'जुना करार' म्हणतात, तो प्रथम ज्यूंचा धर्मग्रंथ आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातील कथांवर मराठीत कीर्तने रचली. म्हणजेच मराठीतील बायबल-कथेची परंपराही केवळ ख्रिस्ती नाही.

या संग्रहात नियमशास्त्र, इतिहास, स्तोत्रे, नीतिवचने, संदेष्ट्यांची वाणी, शुभवर्तमाने आणि पत्रे असे भिन्न वाङ्मयप्रकार आहेत. 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांना आपण एकच मोजपट्टी लावत नाही. तोच विवेक येथेही हवा.

कथेचा क्रम

'ख्रिस्तपुराणा'चे 'पहिले पुराण' ३६ अवस्वरूंचे, तर 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरूंचे आहे. पहिल्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र येते. ख्रिस्ताचे पुराण सांगताना कवी आदामापासून का आरंभ करतो, हा प्रश्न वर्गात विचारला गेलाच पाहिजे. ख्रिस्ती दृष्टीने आदामाचे पतन समजल्याविना ख्रिस्ताने केलेल्या तारणाला अर्थ नाही. पहिल्या कथेतील व्यक्ती आणि घटना दुसरीची पूर्वछाया ठरतात. हे सूत्र निसटले की पहिले पुराण म्हणजे सुट्या आख्यानांचा संग्रह वाटू लागतो.

येथेच रूपबंधाचा एक ताणही दिसतो. पुराण हा प्रकार युगांच्या आवर्तनाची कल्पना बरोबर घेऊन येतो, तर बायबलची कथा आरंभाकडून शेवटाकडे एकाच दिशेने जाते. स्टीफन्स यांनी ओवी आणि पुराण ही ओळखीची वाट निवडली, परंतु त्या वाटेने नेलेला काळाचा विचार निराळा होता. हा ताण ओळखण्यासाठी दोन्ही परंपरा जाणणे अपरिहार्य आहे.

शब्दांचे ओझे

भाषांतरातील परिचित शब्दच अनेकदा फसवितात. 'करार' म्हटले की विद्यार्थ्यापुढे दोन समान पक्षांतील व्यवहार उभा राहतो. हिब्रू 'बेरीथ' या शब्दाने सूचित होणारे देव आणि त्याची प्रजा यांचे नाते तसे नाही; तेथे पुढाकार देवाचा असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी मराठीत 'शब्द' हे पद येते आणि आपल्याला लगेच शब्दब्रह्म आठवते. मूळ ग्रीक 'लोगोस'मध्ये वाणीबरोबर विवेकाचाही अर्थ आहे आणि त्यामागे बोलण्यातून सृष्टी निर्माण करणाऱ्या उत्पत्तीच्या देवाचे स्मरण आहे. तुलना अवश्य करावी. मात्र ती भेद समजल्यानंतर करावी. स्टीफन्स स्वर्गासाठी 'वैकुंठ' योजतात तेव्हा शब्द जुना राहून अर्थ कसा सरकतो, हे दाखविणे हेच अध्यापकाचे काम आहे.

या बाबतीत पंडिता रमाबाई यांचा आदर्श मोठा आहे. संस्कृतच्या विदुषी असूनही बायबलच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. प्रत्येक अध्यापकाने या भाषा शिकाव्यात, अशी अपेक्षा करता येणार नाही. परंतु एकच उतारा दोन-तीन मराठी भाषांतरांत ताडून पाहणे सर्वांना शक्य आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' त्यासाठी उपयुक्त आहे.

काळ आणि सत्ता

'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्यापूर्वी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती, १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइटांची हत्या झाली होती. ग्रंथारंभी आपल्या भाषेत पुराण असावे अशी इच्छा प्रकट होते, तिच्यामागे हा इतिहास आहे. मराठीचा गौरव आणि ज्या सत्तेच्या छायेत तो झाला ती सत्ता, ही दोन्ही एकाच वेळी नजरेत ठेवावी लागतात. केवळ गौरव सांगणे हा भाबडेपणा होय. केवळ अत्याचार सांगून काव्य नाकारणे हाही अभ्यासातील आळसच होय.

अशा अध्यापनातून धर्मप्रसार होईल, अशी शंका काही जण घेतात. ही शंका सरसकट मान्य केली तर संतवाङ्मयही शिकविता येणार नाही. श्रद्धा असणाऱ्या अध्यापकाने ती वर्गावर लादू नये. श्रद्धा नसणाऱ्याने इतरांच्या श्रद्धेचा उपहास करू नये. समोर बसलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला आपला ग्रंथ विपर्यस्त झाल्याचे वाटू नये आणि अन्य विद्यार्थ्यांना प्रवचन ऐकल्यासारखे वाटू नये, हीच कसोटी होय.

समारोप :

१. उत्पत्ती, निर्गम, निवडक स्तोत्रे, यशया आणि चारही शुभवर्तमाने सलग वाचल्याविना 'ख्रिस्तपुराण' शिकविण्यास घेऊ नये.
२. कॅथलिक, प्रॉटेस्टंट व ज्यू परंपरांतील ग्रंथविषयक भेद समजून घ्यावेत.
३. परिचित मराठी शब्दांचे मूळ संदर्भ तपासावेत.
४. पोर्तुगीज गोव्याचा इतिहास ग्रंथासोबतच वाचावा.

एवढी तयारी एका दीर्घ सुटीत होऊ शकते. ती झाल्यास त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. आपल्या भाषेची स्तुती करणाऱ्या कवीला काय सांगायचे होते, हे ऐकून घेणे हीच त्या स्तुतीची खरी परतफेड आहे.