एका खोऱ्याची सहा पुस्तके

मे महिन्याच्या अखेरीस भाटघर धरणाचे पाणी ओसरले की कांबरे गावाजवळ वेळवंडी नदीच्या पात्रातून कांबरेश्वराचे जुने मंदिर वर येते. वर्षातील बहुतेक महिने ते पाण्याखालीच असते. पाऊस लागला, धरण भरू लागले, की पुन्हा दिसेनासे होते. भोरच्या वाटेने जाताना आम्ही त्या पात्राच्या काठी उभे राहिलो, तेव्हा बरोबरच्या मुलांनी साधाच प्रश्न विचारला, ‘हे देऊळ पाण्यात कोणी बांधले?’ देऊळ पाण्यात बांधले नव्हते, पाणी देवळावर आणले गेले, एवढे आम्ही सांगू शकलो. त्यापुढचे प्रश्न आले आणि आम्ही गप्प झालो. इथले लोक कुठे गेले? त्यांना कोणी विचारले होते का? हे पाणी कोणासाठी?

घरी परतल्यावर आम्ही आमच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिलो. कपाट रिकामे मुळीच नव्हते. शिवकालावरच्या तीन कादंबऱ्या होत्या, संतांची चरित्रे होती, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ होती, मुलांची परीक्षेची पुस्तके होती. ज्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात त्या तिन्ही कादंबऱ्यांतील निम्मे प्रसंग घडतात, त्या मुलखाच्या नद्यांचे पुढे काय झाले, हे सांगणारे एकही पुस्तक त्यात नव्हते. आम्ही खूप वाचले होते, पण एकाच खिडकीतून वाचले होते.

वाचनात वैविध्य हवे, असे सर्वच सांगतात. त्याची कृतीही ठरलेली असते. एक कादंबरी, एक चरित्र, एक प्रवासवर्णन, थोडे विज्ञान, चवीपुरती कविता. पंगतीत सगळे पदार्थ वाढले की जेवण सुग्रास झाले, अशातला हा प्रकार आहे. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. पाच प्रकारची पाच पुस्तके वाचूनही माणूस जिथल्या तिथे राहू शकतो, कारण त्या पुस्तकांची आपसांत गाठच पडत नाही. आमचे मत असे की निवड साहित्यप्रकारावरून न करता प्रश्नावरून करावी. मनात एक प्रश्न धरावा आणि त्याच्याकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहणारी पुस्तके शोधावीत. दुसरे पुस्तक वाचून झाल्यावर पहिले पुस्तक थोडे निराळे दिसू लागले, तर निवड बरी झाली असे समजावे. ही कसोटी आम्ही भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांवर लावून पाहिली.

प्रारंभ अर्थातच इतिहासापासून केला. भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. त्यांच्या घरातील जुन्या कागदांतून मिळालेली ‘जेधे शकावली’ लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची ती टिपणवही आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० या दिवशी झाला, ही नोंद याच शकावलीतली. त्यापूर्वी १६२७ हे वर्ष प्रचलित होते. एका खेड्यातील घराण्याच्या वहीने मोठमोठ्या बखरींची तारीख बदलली, ही गोष्ट वाचकाला नम्र करणारी आहे. शकावलीला वर्णनाचा सोस नाही. कोण जन्मले, कोण वारले, कोणता गड घेतला, एवढेच ती सांगते आणि पुढच्या वर्षाकडे वळते. रोजमेळाच्या वहीसारखी ती रुक्ष वाटते खरी, पण तिचा भरवसा त्या रुक्षपणातच आहे.

याच घराण्याचा ‘करीना’ म्हणजे वृत्तान्तही उपलब्ध आहे आणि तो शकावलीशेजारी ठेवून वाचावा. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, कान्होजी जेधे आदिलशाही फर्मान घेऊन मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, हा प्रसंग त्यात येतो. येथे लेखन गोष्टीचे रूप घेते. घराण्याची निष्ठा आणि घराण्याचा हक्क या दोन्हींची साक्ष त्याला द्यायची आहे. एकाच वाड्यातील दोन दप्तरांत तारीख एकीकडे आणि गोष्ट दुसरीकडे आहे. ललित आणि ललितेतर हा भेद आपण पुस्तकांच्या दुकानातील फळ्यांवरून शिकतो, प्रत्यक्षात तो लिहिणाऱ्याच्या हेतूत असतो, हे येथे ध्यानात आले.

दुसरे पुस्तक बहुतेकांच्या घरी असतेच. ते म्हणजे रणजित देसाई यांचे ‘श्रीमान योगी’. कादंबरीबद्दल नव्याने काय सांगावे? पण तिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांची दीर्घ पत्ररूप प्रस्तावना आहे आणि ती कितीजण वाचतात, याची आम्हांला शंका आहे. आम्ही स्वतः पहिल्या वाचनात ती पाने सरळ उलटली होती. कादंबरीकाराला ज्या प्रश्नांना सामोरे जावे लागेल, ते प्रश्न कुरुंदकर तेथे मांडतात. मोठ्या माणसाच्या भक्तीत त्याचे माणूसपण हरवू नये, हा त्यांचा आग्रह आहे. एकाच वेष्टनात कादंबरी आणि तिची चिकित्सा असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. प्रस्तावना आधी वाचावी, मग कादंबरी, मग पुन्हा प्रस्तावना. वैविध्यासाठी नेहमी नवे पुस्तक विकतच घ्यावे लागते, असे नाही.

या दोन्ही पुस्तकांत खोरे दिसते ते गडावरून. खाली राहणारी माणसे शिपाई म्हणून वर येतात आणि काम झाले की खाली जातात. म्हणून तिसरे पुस्तक घेतले, ते गो. नी. दांडेकरांचे ‘वाघरू’. ही कादंबरी राजगडाच्या परिसरातली आहे. गोनीदांनी राजगडावर पुष्कळ दिवस मुक्काम केले होते, त्यामुळे डोंगरावरचा वारा, टाक्याचे पाणी, तेथील माणसांची बोली हे सारे पाहिल्या-ऐकलेल्याच्या भरवशाने येते. आजच्या काळात गडावर राहणारा साधा माणूस हा येथे कथेचा विषय होतो, हे तिचे मोठेपण. तरी गोनीदांच्या दुर्गकादंबऱ्या वाचताना एक शंका आमच्या मनातून जात नाही. लेखकाचे डोंगरी माणसावर इतके प्रेम आहे की तो माणूसही डोंगरासारखा निर्मळ आणि अचल भासू लागतो. त्याचे कर्ज, त्याचा सातबारा, त्याच्या मुलाची मुंबईतील नोकरी यांना त्या प्रेमात फारशी जागा उरत नाही. प्रेमाने केलेले चित्रण खोटे नसते, पण ते अपुरे असू शकते.

अपुरे काय राहिले, हे चौथ्या पुस्तकाने सांगितले. राजेंद्र व्होरा यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे १९९४ साली प्रसिद्ध झालेले संशोधनपर पुस्तक वेल्ह्याला लागूनच असलेल्या मुळशी खोऱ्याविषयी आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले, इतके शाळेत शिकवतात. व्होरा त्यापुढे जाऊन विचारतात की लढा कोणाचा होता? जमीन कसणारा मावळा, जमिनीवर ताबा असलेला सावकार आणि पुण्याहून आलेला पुढारी, यांचे हित एकच होते काय? उत्तर सुखावणारे नाही. सावकाराला मोबदला मिळाल्यावर भागत होते, कसणाऱ्याचे भागत नव्हते. पुस्तकाची भाषा अभ्यासकाची आहे, ती सावकाश वाचावी लागते. ते वाचून पुन्हा ‘वाघरू’कडे वळलो, तेव्हा गोनीदांचा डोंगर तसाच सुंदर होता, पण त्याच्या पायथ्याशी आता आम्हांला कागदपत्रेही दिसू लागली होती.

भोरची कथा याच काळातली. वेळवंडीवरील भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेले आणि त्या भागात ऊस उभा राहिला. मुलांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे होते. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले ते स्वतःच्या निश्चयाने. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी त्याच मुलखातील शेतांवर पाणी आले ते दुसऱ्यांच्या निर्णयाने. पुढे वेल्ह्यात पानशेतचे धरण बांधले गेले. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहरात हाहाकार झाला. पानशेत म्हटले की शहराला पूर आठवतो. धरणाखाली ज्यांची शेते गेली, त्यांना दुसरे काही आठवत असेल. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, पण पुस्तकांच्या दुकानात पहिलीच सहज मिळते.

ती दुसरी आठवण आम्हांला भेटली ती कोल्हापूरकडच्या एका कादंबरीत. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातील देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणण्यासाठी जुन्या गावी परत जातो. म्हैस आता रानटी झाली आहे. कथानक म्हणावे तर एवढेच. माणूस तिला परत माणसाळू पाहतो आणि ती त्याला ओळखत नाही. विस्थापन या जड शब्दाचा अर्थ त्या न ओळखण्यात आहे, आणि कोणत्याही अहवालात तो आम्हांला सापडला नसता. पन्हाळ्याकडची बोली शहरी वाचकाला प्रथम अडवते. आमच्या घरीही पहिली वीस पाने मोठ्याने वाचावी लागली, तेव्हा कुठे कान बसला. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ हीदेखील धरणग्रस्तांचीच कादंबरी आणि तिलाही १९९२ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. तिथे कचेऱ्या, मोर्चे, फसवणूक, माणसांची गर्दी आहे. येथे एक माणूस, एक जनावर आणि रान आहे. कोणती श्रेष्ठ, असे आम्हांला विचारू नये. व्होरांचे पुस्तक वाचलेल्याने ‘रिंगाण’ घ्यावे आणि ‘रिंगाण’ने डोळे ओलावलेल्याने व्होरांकडे जावे. कळवळ्याला कारण कळले पाहिजे, आणि कारणे ठाऊक असलेल्याला कळवळाही आला पाहिजे.

सहावे पुस्तक शास्त्रज्ञाचे आहे. माधव गाडगीळ यांचे आत्मकथन ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ २०२३ साली प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्यांचे वडील, इरावती कर्वे शेजारी, असे हे पुण्याचे बालपण. पुढे पश्चिम घाटातील देवरायांचा त्यांनी अभ्यास केला, आणि पश्चिम घाटाविषयीचा त्यांच्या समितीचा २०११ सालचा अहवाल पुष्कळ गाजला. ज्या डोंगराकडे इतिहासकार गड म्हणून आणि कादंबरीकार घर म्हणून पाहतो, त्याच्याकडे हा माणूस झाडे, पाखरे, माती आणि माणसे यांचा एकत्र संसार म्हणून पाहतो. पुस्तकात लेखकाचा ‘मी’ कधीकधी पुढे येतो आणि मतभेदांची नोंद आपल्या बाजूने होते. आत्मकथनात ते व्हायचेच. वाचकाने ते जाणून वाचावे.

ही सहा पुस्तके म्हणजे आदर्श यादी नव्हे. तिच्यात मोठ्या उणिवा आहेत. या खोऱ्यातील बाईने लिहिलेले एकही पुस्तक आमच्या हाती लागले नाही, ही उणीव आम्हांला सर्वांत जास्त बोचते. शकावलीत ती नाही, गडावर ती क्वचित दिसते, संशोधनात ती आकड्यांच्या मागे आहे. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरोघरी आहेत. एका बाईने स्वतःच्या शब्दांत संसार सांगितला की केवढा प्रकाश पडतो, हे त्या पुस्तकाने आपल्याला कधीच दाखवून दिले आहे. ते वाचलेल्या वाचकाने तरी ही रिकामी जागा ओळखावी.

आपल्या कपाटाबाहेर पाहणे हे आपल्या परंपरेला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते ओवीत. ती ओवी त्यांनी या भूमीतील पुराणे आणि संतांचे ग्रंथ यांच्या वाटेवरून उचलली. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुईट आपल्याच फळीवरची पुस्तके वाचत बसला असता, तर मराठी एका मोठ्या ग्रंथाला मुकली असती. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ते सर्व मराठी वाचकांचे पुस्तक झाले. पुस्तके अशी दोन्ही दिशांनी कुंपण ओलांडतात.

मग आपण काय करावे? वाचकहो, खर्चिक असे काहीच नाही. सुटीत कुटुंबासह जिथे जाणार, त्या जागेविषयी घरातल्या प्रत्येकाने निराळ्या प्रकारचे एकेक पुस्तक ग्रंथालयातून आणावे आणि परतल्यावर जेवताना एकमेकांना सांगावे. पुस्तके एकमेकांशी भांडली तर घाबरू नये, भांडू द्यावीत. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. २०२५ साली राजगड जागतिक वारसा यादीत गेला. याचा आनंद आम्हांलाही आहे. गडाकडे जाणारे वाचक आता वाढतील आणि गडाची पुस्तकेही वाढतील. त्या पुस्तकांबरोबर खोऱ्याचे एक पुस्तक पिशवीत असावे, एवढेच आमचे मागणे आहे. पुढच्या मे महिन्यात पाणी ओसरेल, कांबरेश्वराचे शिखर दिसेल आणि मुले पुन्हा विचारतील. यावेळी निदान दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील, आणि उरलेल्यांसाठी कोणते पुस्तक शोधायचे, हेही सांगता येईल.