नेपथ्य उत्तम!

नाटक पडलं की परीक्षण लिहिणाऱ्याची मोठी पंचाईत होते. लेखकाशी ओळख असते, दिग्दर्शक वरच्या मजल्यावर राहतो आणि नायिकेच्या मावशीकडे आपण गणपतीला जेवून आलेलो असतो. अशा वेळी अनुभवी परीक्षक एकच वाक्य लिहितो – ‘नेपथ्य उत्तम.’ जाणते वाचक काय ते समजतात आणि तिकिटाचे पैसे वाचवतात.

गेल्या दिवाळीआधी आमच्या डोंबिवलीच्या घराचं नेपथ्य नव्यानं झालं. बघायला जो येतो तो ‘वा वा’ म्हणून जातो. पण मी त्या रंगभूमीवर नुसता बघायला जात नाही; मी तिथं जेवतो, झोपतो आणि रात्री दोनदा उठतो. तेव्हा या प्रयोगाचं परीक्षण लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

कथानक थोडक्यात असं. दोन बेडरूमचं घर, कार्पेट एरिया सहाशेवीस चौरस फूट. (या घरात कार्पेट कधीच पडलं नाही, पडली ती सतरंजी. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटातच धरतात. म्हणजे ज्या जागेवर उंदीरसुद्धा उभा राहू शकत नाही, तिचेही पैसे आपण कार्पेटाच्या भावानं मोजलेले असतात.) माणसं पाच: मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि नातू. सूनबाईंना घरून काम करायला टेबल हवं, नातवाला अभ्यासाला कोपरा हवा, आणि सौ.चे गुडघे माळ्यावर चढायला नकार देऊ लागलेले. तेव्हा ‘असलेल्याच जागेचा नीट उपयोग करू’ असं ठरलं आणि एक डिझायनर बाई आल्या.

बाई हुशार आणि गोड बोलणाऱ्या. टेप काढून त्यांनी दीड तास घर मोजलं. मग हॉलच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, “काका, तुमचा हॉल अंडरयूटिलाइज्ड आहे.”

शब्द माझ्या ओळखीचा होता. नोकरीत असताना एका साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात हेच मत माझ्याबद्दल नोंदवलं होतं. मी मान खाली घातली.

नंतर बाईंनी यादी काढली. साड्या किती? चपलाबुटांचे जोड किती? कुकर किती लिटरचे? मिक्सर डाव्या हाताला की उजव्या? आम्ही सगळे उत्साहानं सांगत होतो. आठ दिवसांनी कॉम्प्युटरवर चित्रं आली. चित्रातल्या घरात टेबलावर हिरवी सफरचंदं होती. आमच्या टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्या, नातवाचं खोडरबर आणि काळी पडत चाललेली केळी असतात. चित्रात माणूस मात्र एकही नव्हता. तिथंच मला शंका यायला हवी होती.

आता गुणांकडे वळू. परीक्षकानं आधी गुण सांगावेत असा संकेत आहे. स्वयंपाकघर खरोखर सुधारलं. डबे धरून बसलेल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आता एक गोल तबक फिरत बाहेर येतं. ड्रॉवर बोटानं ढकलला तरी चालतो. सौ.चं माळ्यावर चढणं संपलं, हे एकच कलम धरलं तरी मी बाईंना शंभरपैकी साठ गुण देईन.

पण या स्वयंपाकघराचं घराणं कुठलं, ते मी वाचनालयात जाऊन शोधलं. आजच्या बांधीव स्वयंपाकघराची पणजी जर्मनीतली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं – सुमारे सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. नमुना म्हणून आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलेलं. गृहिणीची पावलं वाचावीत म्हणून कामांचा वेळ मोजला, हालचाली मोजल्या आणि हरेक वस्तू हाताशी आणली. तशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढं म्हातारपणी बाईंनीच प्रांजळपणे सांगितलं, की ते आखलं तेव्हा त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता!

त्या स्वयंपाकघराबद्दल नंतर तक्रार झाली ती अशी, की तिथं जागा एकाच बाईला होती. दुसरं कुणी मदतीला आत शिरलं की पहिलीनं बाहेर यायचं. आमच्याकडं तेच झालं. पूर्वी सासूसुना फरशीवर बसून मेथी निवडायच्या आणि जगाचीही थोडी निवड करायच्या. आता खाली फरशी शिल्लक नाही. मेथी निवडलेली विकत येते, जग तसंच राहिलं आहे.

ओट्याचंही असंच. ओटा चौतीस इंच उंच, कारण तेच ‘स्टँडर्ड’. सौ.ची उंची चार फूट दहा इंच, म्हणजे ती स्टँडर्ड नाही. ओटा दुमडलेल्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावा, हा साधा हिशेब. तो बाईच्या अंगावर टेप लावून करायचा असतो. आमच्याकडं टेप फक्त भिंतीला लागला. त्यामुळं ज्या पाटावर बसून एके काळी आम्ही जेवलो, त्याच पाटावर उभी राहून सौ. आता पोळ्या लाटते. पाट टाकायचा नाही असं मी म्हणत होतो, तेव्हा सगळे हसले होते.

यानंतर नाटकातला मुख्य देखावा – भिंतीतला पलंग. दिवसा हे भिंतीतलं कपाट दिसतं. कडी ओढली की सावकाश खाली येतं आणि पाहुण्यांचा पलंग होतं. हे खूळ जुनं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फी नावाच्या गृहस्थांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी असला पलंग काढला. बाईमाणसाला खोलीवर बोलवायचं तर खोलीत बिछाना दिसणं त्या काळी शिष्टसंमत नव्हतं, म्हणून तो भिंतीत लपवला, अशी आख्यायिका सांगतात. चार्ली चॅप्लिननं १९१६ च्या ‘वन ए. एम.’ या मूकपटात अशाच एका पलंगाशी कुस्ती खेळली आहे. शेवटी तो न्हाणीघरातल्या टबात जाऊन झोपतो. आमच्या बाईंनी तो चित्रपट पाहिलेला नसावा.

पलंगाची एक अट असते. तो उघडायचा तर पुढची साडेसहा फूट जागा मोकळी हवी. चित्रात पलंग मिटलेला होता तेव्हा त्याच्यापुढे संगमरवरी माथ्याचं टेबल होतं. पलंग उघडलेला होता त्या चित्रातून टेबल नाहीसं झालं होतं. टेबल कुठं गेलं, हे कुणीच विचारलं नाही.

ते कळलं आक्का आली तेव्हा. आक्का माझी थोरली बहीण, चिपळूणला असते, वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदू काढायला आठ दिवसांसाठी आली. रात्री दहाला पलंग उघडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. टेबल दोघांनी उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं, नातवाची सायकल आमच्या खोलीत आली, बैठे मोडे गॅलरीत गेले. पलंग खाली आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ध्यानात आलं की पलंग उघडला की बाथरूमचं दार उघडत नाही.

“आक्का, तू आमच्या खोलीत झोप,” मी म्हटलं.

“नको रे, तुमची कशाला झोपमोड? मी इथं लवंडते,” असं म्हणून ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपली. सोफा पाच फुटी होता, स्टँडर्ड. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. “अरे, चिपळुणातही डॉक्टर आहेत. तिथंच करीन म्हणते. घर मात्र हो, अगदी सिनेमातल्यासारखं झालंय!”

म्हणजे आक्कासुद्धा म्हणाली, नेपथ्य उत्तम. मी तिला गाडीत बसवून आलो आणि त्या रात्री सोफ्यावर झोपून पाहिलं. मला झोप आली नाही. सोफा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं.

आमचं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या त्या चाळी. खोली एकशेसाठ चौरस फूट. आम्ही नऊ माणसं. शिवाय कोकणातलं कुणी आजारी पडलं की परळचं के. ई. एम. हॉस्पिटल आणि के. ई. एम. म्हटलं की आमची खोली. दहावा माणूस दारात आला की आई एवढंच म्हणायची, “पाय दुमडा रे!” त्या खोलीत घडीचं फर्निचर एकच होतं – जमीन. पहाटे तिच्यावर स्टो पेटायचा, संध्याकाळी पुस्तकं पसरायची, आठला पंगत बसायची, दहाला अंथरुणं पडायची. वळकट्या दिवसा ट्रंकेवर रचल्या की सोफा तयार. विटांवर उचललेल्या एकुलत्या एका खाटेवर आजोबा, खाटेखाली मी. जागा आम्ही फुटांत वाटून घेतली नव्हती, तासांत वाटून घेतली होती. आणि त्यातूनही उरलेला माणूस शेजारच्या खोलीत नाहीतर गॅलरीत झोपायचा. आमचं कार्पेट असं शेजाऱ्यांच्या घरापर्यंत पसरलेलं होतं.

हा प्रकार फक्त नायगावचा आहे असं समजू नका. घर म्हणजे राहण्याचं यंत्र, असं १९२३ साली जगाला बजावणाऱ्या ल कॉर्बुझिए यांनी १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी जे खोपटं बांधलं, ते बारा फूट बाय बारा फूट – आमच्या खोलीहून सोळा चौरस फूट लहान. त्यात स्वयंपाकघर नव्हतं. शेजारच्या उपाहारगृहात उघडणारं एक दार होतं. एवढा मोठा वास्तुविशारद, पण शेवटी खाणावळीला लागून खोली!

हे सगळं मी रात्री जेवताना रंगात येऊन सांगत होतो. सौ.नं ताट सरकवलं. “नऊ माणसं मावत होती ती तुमची. मी १९८१ साली त्या खोलीत आले. चार वर्षं कपाटाचं दार उघडून त्याच्या आड साडी बदलली. आरशात एकटीनं कधी पाहिलं नाही, रडायला संडासच्या रांगेत जाऊन उभी राहायची. आल्यागेल्याला जागा होती हो तुमच्या चाळीत. मला नव्हती.”

परीक्षणाची पुढची दोन पानं मी तिथंच फाडली. चाळीचे गोडवे गायला चाळ सोडून आलेला पुरुष लागतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांतल्या बायकांना ‘जुनी मजा गेली’ असं सांगायची हिंमत मी तरी करणार नाही. दाराला आतून लागणारी कडी ही सुद्धा जागाच असते, आणि ती कुठल्याच चौरस फुटात मोजत नाहीत.

तेव्हा राहिलेलं परीक्षण असं. नव्या घरानं सौ.ला कडी दिली, हे मोठं काम केलं. पण वाचवलेली बाकीची जागा गेली कुठं? ती वस्तूंना गेली. आमच्या खोलीतल्या पलंगाची गादी खालच्या पिस्टनवर जबडा उघडल्यासारखी वर उठते. आत काय आहे म्हणून पाहिलं, तर तीन निकामी इस्त्र्या, लग्नात आलेले सहा लेमन सेट आणि दोन गाद्या! गाद्यांना झोपायला जागा होती, आक्काला नव्हती.

मी डिझायनर बाईंना फोन लावला. जरा चढ्या आवाजातच बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, घरी राहायला कोण कोण येतं, हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं.” त्यांच्या यादीत तो प्रश्न नव्हता हे खरं. पण साड्यांचा आकडा न विचारता सांगणाऱ्या आम्हा पाचजणांपैकी एकाच्याही तोंडी आक्काचं नाव आलं नाही, हे जास्त खरं.

पुढच्या रविवारी संगमरवरी टेबल सोसायटीच्या ऑफिसात गेलं. इस्त्र्या आणि लेमन सेट भंगारवाल्यानं नेले. नातवाला घेऊन मी बाजारातून लोखंडी पायांची एक घडीची खाट आणली. ती खिडकीशी टाकली की बाथरूमचं दार उघडतं. आम्ही आधी उघडून पाहिलं. मग आक्काला फोन केला.

“टेबल काढलंत? बरं झालं. माझं गुडघ्याला लागत होतं,” ती म्हणाली. “एक डोळा इथंच झाला हो माझा. आता दुसरा राहिलाय. तो तुमच्याकडं येऊन करीन.”

माघात येणार आहे. तोपर्यंत त्या मोकळ्या जागेत कुणी काही आणून ठेवू नये, यावर लक्ष ठेवायचं काम घरच्यांनी माझ्याकडं सोपवलं आहे. हॉल अंडरयूटिलाइज्ड ठेवायचा आहे. त्या कामाचा माझा अनुभव सरकारदरबारी नोंदलेला आहे.