एका दिव्याचे रसग्रहण

गेली तीस वर्षे मी पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो आहे. त्यामुळे जालन्यातले कवी मला पाहून एकतर नमस्कार करतात, नाहीतर रस्ता ओलांडतात. परंतु आज ज्या कृतीचे परीक्षण करायला बसलो आहे, तिने आधी माझेच परीक्षण केले. ती कृती म्हणजे माझ्या मोटारीचा मागचा डावा दिवा.

मूळ दिवा भोकरदनच्या बाजारात गाडी मागे घेताना एका उभ्या बैलगाडीवर फुटला. बैलगाडीला काही झाले नाही. दुकानदाराने माझ्यापुढे दोन दिवे ठेवले. एक ओरिजिनल आणि एक 'अगदी तसाच'. 'तसाच'ची किंमत ओरिजिनलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. उसन्या कल्पनांवर मी आयुष्यभर लेखणी चालवली, पण त्या दिवशी खिशातून पैसे काढताना मूळ आणि नक्कल यांतला भेद मला मुळीच महत्त्वाचा वाटला नाही.

आता रीतसर परीक्षणाकडे वळू. मुखपृष्ठ आकर्षक. रंग भडक, पण हल्ली चालतो. बांधणी मात्र सैल! पुढची काच (असते प्लॅस्टिकची, पण म्हणायचे काच) आणि मागचा डबा यांचा सांधा चांगल्या दिव्यात वितळवून एकजीव केलेला असतो, किंवा खाचेत चिकट मसाला सलग भरलेला असतो. येथे निर्मात्याने जिथे आठवण झाली तिथेच गोंद लावला होता. दिवा आणि पत्रा यांच्यामधली रबरी पट्टी उडदाच्या पापडाइतकी जाड. आशयाचा पत्ता मृगाच्या पावसापर्यंत लागला नाही. पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तो दिव्यात दोन बोटे पाणी! 'आशयाने ओथंबलेली कृती' हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले होते, पण प्रत्यक्षात प्रथमच पाहत होतो.

वाचकहो, हे जालना जिल्ह्यात घडले, हे ध्यानात घ्या. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरमागे घागरी घेऊन धावलेली माणसे आम्ही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणून भिंती रंगवून झाल्या. त्या योजनेतला पहिला भाग माझ्या दिव्याने एकट्याने तडीस नेला होता. जिरवायचे तेवढे राहिले.

"अहो, त्यात मासे तरी सोडा," सौ. म्हणाली.

समीक्षकाला दोष दिसला की तो गप्प बसत नाही. मी सिलिकॉनची नळी आणली. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता, तो मला ताजेपणाचा वाटला. दिव्यातले पाणी ओतून टाकले आणि सगळा सांधा लिंपून काढला. तळाशी एक बारीक भोक दिसले. निर्मात्याच्या निष्काळजीपणाचा हा तर कळसच! तेही बुजवले, वर एम-सीलचा गोळा दाबला आणि हात धुतले.

नवरात्रात अंबडला मत्स्योदरीदेवीचे दर्शन घेऊन आम्ही रात्री परतत होतो. मागच्या सीटवर नात झोपलेली. परतीचा पाऊस लागला होता. पुढे एक बिनदिव्याची ट्रॉली अचानक दिसली आणि मी करकचून ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून टायर किंचाळल्याचा आवाज आला. ट्रकवाला खाली उतरला.

"काका, ब्रेक मारायलाव का वळायलाव? दिवा जळायलाय का रडायलाय, काई कळंना!"

मी मागे जाऊन पाहिले. उजवीकडचा ब्रेकचा बल्ब कधीच गेला होता, तो बदलणे मी पुढील आवृत्तीवर ठेवले होते. डावा दिवा अर्धा भरलेला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. ट्रकचा बंपर आमच्या डिकीपासून एक वीत होता. नात अजून झोपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने होल्डर काढला. पितळेच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. अर्थिंगचा सांधा गंजला की वीज भलतीकडून वाट काढते, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत होता. त्या आंबूस वासाच्या सिलिकॉननेही पितळ खाल्ले होते. मग त्याने माझा एम-सील खरवडला आणि ते भोक बोटाने दाखवले.

"सर, हे तुमी बुजवलं? नाक दाबल्यावर त्यानं श्वास कुठून घ्यायचा?"

बल्ब तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. पावसाने दिवा गार झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे काहीतरी ओढून घेते. भोक उघडे असेल तर हवा ओढते. भोक बंद असेल तर जिथे फट राहिली तिथून पाणी ओढते, आणि मग ते जायला वाट नसते. निर्मात्याची एकच गोष्ट बरोबर होती, आणि नेमकी तीच मी दुरुस्त केली होती!

मिस्त्रीने भोकातून फुंकर मारत दिवा बादलीत बुडवला. वरच्या सांध्यातून बुडबुडे आले. तेवढीच जागा दोषी. मग दिवा दिवसभर उन्हात वाळवला, जुना गोंद खरवडला, खाचेत काळी चिकट पट्टी बसवली, जाड रबर घातले, पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. भोक खाली, उघडे. उजवीकडे नवा बल्ब. पाऊस येऊन गेला, दिवा कोरडा आहे.

तेव्हापासून एखाद्या नव्या कवीच्या संग्रहात भोक दिसले की मी लगेच बुजवायला धावत नाही. ते श्वासाचे तर नाही ना, हे आधी पाहतो. आणि दर रविवारी सौ.ला गाडीमागे उभी करून ब्रेक दाबतो.

"लागला का?"

"दोन्ही लागले."

तीस वर्षांच्या माझ्या लेखनाला इतका स्वच्छ अभिप्राय कोणी दिलेला नाही.